पडद्यावरचा मारवा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे हात जोडले आणि हा विषय मनात आला, की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — ओळखत असालही. नाशिकचे असाल आणि गाण्याची थोडीफार आवड असेल, तर तो सिनेमा तुम्ही पाहिलाच असेल.

सस्पेन्स थ्रिलर. एक मोठ्या गायिका एके सकाळी त्यांच्या गाण्याच्या खोलीत मेलेल्या सापडतात. शेजारी टेपरेकॉर्डर, आणि त्यात आदल्या संध्याकाळी त्यांनी गायलेला मारवा. सगळे म्हणतात, बाईंनी जीव दिला. फक्त त्यांची एक शिष्या ती टेप पुन्हा पुन्हा ऐकत राहते. आलापात एका जागी बाईंचा श्वास अडखळतो. का अडखळला? खोलीत कोण आलं होतं? तिथून धागा सुटतो. खुनी कोण ते सांगत नाही, पाहिला नसेल तर पाहा.

शेवटी पाट्या सरकतात. तोवर लोक उठून चपला शोधत असतात. त्या पाट्यांत एका ओळीत मारव्यापुढे माझं नाव आहे.

पण नाही — हे असं एकदम नको. आधी सुनंदाबद्दल सांगायला हवं.

सुनंदा नामपूरची. वडील तिथे कांद्याचे व्यापारी. कॉलेजसाठी तिला नाशिकला मावशीकडे ठेवलं होतं. आमचे गुरुजी रविवार कारंज्याजवळ राहायचे, पहिल्या मजल्यावर. खाली भांड्यांचं दुकान. आम्ही वर सूर लावला, की खाली हटकून एखादं पातेलं आपटायचं. तिथे ती पहिल्यांदा आली ती हिरवा पंजाबी ड्रेस आणि तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, अशी. मी गाऊन दाखवलं तर एकदम तिच्या अहिराणीत म्हणाली, "भारी शे!" सगळी पोरं हसली. तीही हसली. मग गुरुजींनी तिला गायला सांगितलं, आणि नंतर तिच्या बोलण्याला कुणी हसलं नाही.

माझ्या गाण्याबद्दलही खरं सांगते. मी नीट गाते. सूर जागच्या जागी, ताल चोख, परीक्षांमध्ये कायम वरचा नंबर. गुरुजी एकदा म्हणाले होते, "वृंदा, तुझं अक्षर फार सुंदर आहे." गाण्याबद्दल म्हणाले होते. तेव्हा मला ते कौतुक वाटलं. घरी येऊन आईला सांगितलंसुद्धा. त्यातला अर्थ कळायला मला फार वर्षं लागली.

मी तिच्यावर जळत होते का? तुम्ही हेच विचाराल. नाही. तेव्हा तरी नाही. मला सुनंदा आवडायची. माझी आई गेली तेव्हा ती माझ्याकडे येऊन राहिली होती. सांत्वनाचं एक वाक्य बोलली नाही. स्वयंपाक केला, माझ्या मुलीला शाळेत सोडलं, आणि एक दिवस दुपारी मला मोरीत पाटावर बसवून माझे केस धुतले. मी रडत होते आणि ती तांब्याने पाणी घालत होती, पाण्यात पाणी मिसळून जावं म्हणून असेल. असं माणूस आयुष्यात किती जणांना मिळतं?

तिचा नवरा रेल्वेत. लग्नानंतर ती इगतपुरीला गेली, तिथल्या शाळेत गाणं शिकवायला लागली. पण रविवार चुकवला नाही. इगतपुरीहून गाडीने नाशिकरोड, तिथून रिक्षाने गुरुजींकडे. येताना पिशवीत तिकडचा नवा तांदूळ. अर्धा गुरुजींना, अर्धा मला. पुढे गुरुजींनी अंथरूण धरलं. त्यांचा मुलगा त्यांना आपल्याकडे पुण्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी आम्हाला बजावलं, इथेच येऊन रियाझ करा आणि मला ऐकायला पाठवत जा. खोलीची किल्ली आमच्याकडे होती. मी एक छोटा रेकॉर्डर घेतला. दर रविवारी आम्ही त्यांच्या रिकाम्या खोलीत बसून गायचो, मी ते पाठवायचे, आणि ते फोनवर खोकत खोकत आमच्या चुका काढायचे.

तो मारवा तिथला. संध्याकाळची वेळ. डोक्यावर गुरुजींचा जुना पंखा खडखडत होता, खाली रस्त्यावर गर्दी. सुनंदा गात होती. मध्येच एका जागी तिचा श्वास अडखळला — क्षणभरच — आणि ती त्यातूनच पुन्हा वर चढली. गाणं संपल्यावर म्हणाली, "घशात काहीतरी अडकल्यागत होतं गं हल्ली." मी म्हटलं, "पाणी पी."

ती गाठ होती. थायरॉइडची. पुढे ती वाढली, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आवाजाची नस गाठीत गुंतलेली आहे, खात्री देता येत नाही. जीव वाचला. आवाज गेला. म्हणजे बोलता येतं, पण घोगरं, हवा निसटल्यासारखं. सूर लावायला गेली तर नुसती फुंकर निघते. शाळेतलं गाणं सुटलं, तिथेच आता ती मुलांना भूगोल शिकवते.

तोवर गुरुजीही गेले होते. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी ती माझ्याकडे आली. चहा पिता पिता सहज विचारावं तसं म्हणाली, "वृंदे, माझं काही रेकॉर्डिंग असेल का गं तुझ्याकडे? ऐकावंसं वाटतं कधी कधी." मी म्हटलं, "शोधते."

शोधलं नाही. त्यात वाईट हेतू नव्हता, एवढं मी शपथेवर सांगू शकते. क्लासच्या बॅचेस, मुलीची बारावी — राहून गेलं. तिने पुन्हा विचारलं नाही. ती पुन्हा विचारणाऱ्यातली नव्हेच.

आणि मग अनिकेत आला.

अनिकेत नाशिकचाच मुलगा, मुंबईत सिनेमे करणारा. गंगापूर रोडवरच्या माझ्या क्लासचं नाव त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. समोर बसून त्याने मला सगळी गोष्ट सांगितली, डोळे मोठे करून, खुनाच्या जागी आवाज खाली आणून. बाईंच्या टेपसाठी त्याला मारवा हवा होता. मी तिथल्या तिथे गायले. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "फार सुरेल आहे, मॅडम. पण... भीती नाही वाटत."

भीती नाही वाटत! मला काय वाटलं असेल? पन्नाशीला आलेली बाई मी. आयुष्यभर हेच करत आले. आणि एक पोरगा मला — अगदी आदराने — तेच सांगत होता, जे गुरुजी सांगून गेले होते.

"जुनं काही आहे का तुमचं?" त्याने विचारलं. मी लॅपटॉप उघडला. रविवारच्या त्या सगळ्या फाइल्स तिथेच होत्या. शोधायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मी माझाच एक मारवा लावायला गेले होते. यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. लागला तो सुनंदाचा.

पंखा खडखडायला लागला आणि मग तिचा आवाज आला. किती वर्षांनी ऐकत होते मी तो! बंद करायला हात पुढे केला, पण अनिकेतने बोटाने थांबवलं. तो हलत नव्हता. ती श्वासाची जागा आली तसा तो ताठ झाला. मागे घेऊन ती जागा पुन्हा ऐकली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "हे तुम्ही?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एका अक्षराची गोष्ट आहे ही. मी काही कट केला नव्हता, रात्र रात्र जागून काही ठरवलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत त्या क्षणी जे होतं ते माझ्याकडे बघून आजवर कुणाच्याच डोळ्यांत आलं नव्हतं. आणि मला ते हवं होतं. नुसतं थोडा वेळ. तो गेला की फोन करून सांगू, असं मनात होतं — होतं का खरंच? माहीत नाही. फोन केला नाही, हे माहीत आहे.

त्याला ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं हवं होतं, पंख्यासकट, रस्त्यासकट. सिनेमात टेपच आहे ना. बाईंचा श्वास अडखळतो, हा सगळा धागा त्याने त्यानंतर कथेत घातला. म्हणजे बघा, ज्या जागेवरून तो सिनेमा उलगडतो, ज्या जागी थिएटरात लोक श्वास रोखून बसतात, ती जागा म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या गळ्यातली गाठ आहे. आणि हे जगात एकट्या मला माहीत होतं.

सिनेमा लागला. सुनंदाने येऊ नये म्हणून मी काय काय केलं! खून आहे, रक्त आहे, तुला बीपी आहे, टीव्हीवर येईलच की. तिने ऐकलं नाही. "तुझं नाव पडद्यावर येणार आणि मी घरी बसू?" कॉलेज रोडच्या थिएटरात दुपारच्या खेळाला आम्ही दोघी शेजारी शेजारी. तिने माझ्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणला होता.

टेप सुरू झाली. मी पडद्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. अंधारात चेहरा नीट दिसेना. ती श्वासाची जागा आली, सगळं थिएटर चिडीचूप झालं — आणि सुनंदाचा हात आपोआप वर गेला, गळ्याशी. तिथेच राहिला. मग तो हात खाली आला आणि तिने माझा हात धरला. त्या घोगऱ्या आवाजात माझ्या कानाशी म्हणाली, "किती छान गायलीस गं, वृंदे."

तिला कळलं होतं का? मी कितीदा विचार केला. आपलाच आवाज बाहेरून ऐकला तर माणसाला पटकन ओळखू येत नाही, असं म्हणतात. तिने तर तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिला नाहीच कळलं, असं मी धरून चालले. मला ते सोयीचं होतं.

पुढे ती मला सांगायची, रोज सकाळी कुकर लावला की मोबाइलवर तो मारवा लावते. सिनेमातला तेवढा तुकडा इंटरनेटवर सगळीकडे झालाच होता. एकदा म्हणाली, "खरं सांगू? ऐकताना वाटतं मीच गातेय."

यापेक्षा मोठं दार कुणी उघडून देईल का? मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी म्हटलं, "एकाच गुरूच्या ना आपण. तेच वळण येणार."

ती म्हणाली, "हो, तेही खरंच."

इथेच थांबले असते तरी — पण थांबले नाही. अनिकेतचा पुन्हा फोन आला. दुसरा सिनेमा, पुन्हा गाणं, पण या वेळी मुंबईला स्टुडिओत येऊन गायचं. मी घाबरले. स्टुडिओत गेले असते तर पहिल्याच सुराला सगळं उघडं पडलं असतं. काहीतरी कारण हवं होतं. आणि माझ्या तोंडून काय निघालं, सांगू? मी म्हटलं, "अनिकेत, माझं मध्यंतरी थायरॉइडचं ऑपरेशन झालं. आता शिकवण्यापुरतं गाते, पण तसा आवाज लागत नाही."

तो म्हणाला, "अरेरे, मॅडम." त्याचा आवाज दाटून आला होता.

आवाज घेतलाच होता मी तिचा. आता तिचं दुःखही घेतलं. त्याची हळहळसुद्धा मीच घेतली. तिला ती कुणी दिली होती? इगतपुरीच्या शाळेत भूगोलाचा तास लावून दिला होता लोकांनी.

गेल्या वर्षी नाशिकच्या एका मंडळाने आमचा सत्कार केला — अनिकेतचा आणि माझा. शाल, श्रीफळ. सुनंदा पहिल्या रांगेत. ठेवणीतली जांभळी पैठणी नेसली होती. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी अनिकेत आमच्यापाशी आला. मी ओळख करून दिली, माझी मैत्रीण, एकाच गुरूंकडे शिकलो. त्याला आनंद झाला. म्हणाला, "मग तुम्हाला तर जास्तच वाईट वाटलं असेल. तो मारवा गाणाऱ्या माणसाचा आवाज एका ऑपरेशनमध्ये जावा... मॅडम कसं सहन करतात, मला कळत नाही."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे. माझ्या गळ्याकडे, जिथे काहीच नव्हतं. तिच्या गळ्यावर तो आडवा व्रण आहे, मोत्यांच्या सराखाली अर्धवट झाकलेला. तिने सावकाश पदर वर ओढला, दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला, आणि म्हणाली, "हो ना. फार वाईट झालं."

"तुमचाही घसा बसलाय का?" त्याने विचारलं.

"सर्दी झालीय," ती म्हणाली.

तिचं माझ्यासाठी खोटं बोलणं ते तेवढंच. त्यानंतर तिने कप खाली ठेवला, गाडीची वेळ झाली म्हणाली. मी तिला सोडायला नाशिकरोडपर्यंत गेले. द्वारका चौकात सिग्नल लागला, सुटला. तिच्या मांडीवर माझी सत्काराची शाल होती, रिक्षात बसताना माझ्या हातातून तिने घेतली होती. ती तिची घडी पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

प्लॅटफॉर्मवर बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "कुठल्या रविवारचा होता गं तो?"

राग नव्हता आवाजात. खरंच नव्हता. हरवलेल्या मुलाचा फोटो कुणी दाखवला तर माणूस विचारेल ना, हा कधीचा, तेव्हा अंगात कुठला सदरा होता — तसं विचारलं तिने. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

मला आठवत होतं. त्या रविवारी तिच्या मुलाला ताप होता आणि ती त्याला नवऱ्याजवळ ठेवून आली होती. मारवा संपल्यावर रडली होती, मुलासाठी की गाण्यासाठी, तिचं तिलाच कळलं नव्हतं. खालच्या दुकानातला म्हातारा वर येऊन दारात उभा राहिला होता, नमस्कार करून गेला होता. सगळं आठवत होतं. गुरुजींनी ते रेकॉर्डिंग ऐकून फोनवर चूक काढली नव्हती, तेही. त्या दिवशी त्यांनी फक्त "सुनंदाला सांग, ऐकलं," एवढंच म्हटलं होतं, आणि तो निरोप मी तिला दिला नव्हता.

मी म्हटलं, "आठवत नाही."

ती म्हणाली, "असू दे."

गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली, मला हात केला. नेहमी करते तसाच.

ती अजून येते. तांदूळ आणते. माझ्या मुलीच्या बाळंतपणात चार दिवस येऊन राहिली, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं. मारव्याचा विषय ती काढत नाही, मी काढत नाही. सकाळी कुकर लावताना ती अजून तो लावते की नाही, मला माहीत नाही.

परवा क्लासमध्ये एका नव्या मुलीची आई आली होती. म्हणाली, "मॅडम, त्या सिनेमातला तुमचा मारवा ऐकूनच हिला तुमच्याकडे घालायचं ठरवलं." मी हसले. थँक यू म्हटलं. मुलीला सतरंजीवर बसवलं आणि सा लावायला सांगितला.

तो आवाज सुनंदा देवरेचा आहे.